टेकडीचा उलटा व्हॉल्व्ह

४ मार्च
झालं! शहराचं पाणी आजपासून कंपनीकडे. पाइप नगरपालिकेचे, कारभार कंपनीचा, नि व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारे आम्ही चावीवाले मधल्या मध्ये लोंबकळत.
कंपनीच्या इंजिनिअर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, कुठला व्हॉल्व्ह कुठे, किती फेरे, सगळं दाखवा. नकाशा करायचाय." नकाशा झाला की चावीवाला कशाला हवा? एवढं न कळायला मी काही दूधखुळा नाही.

६ मार्च
एकशे बारा व्हॉल्व्ह दाखवले. पायांचे तुकडे पडलेत.

७ मार्च
एक दाखवला नाही — टेकडीवरच्या वस्तीचा. सगळे डावीकडे उघडतात, हा उजवीकडे. मला काम शिकवणारे वस्ताद रिटायर होताना कानात सांगून गेले, "नऊ फेरे. मग अडल्यासारखं हाताला लागतं. तिथंच थांब, नाहीतर दांडा तुटेल." एकवीस वर्षं मी एकटाच तो फिरवतोय. वर पाणी बारीकच येतं, पण एवढ्या उंचीवर आणखी काय चढणार!
बायकोला सांगितलं. म्हणाली, "तोंड बंद ठेवा. नोकरीला तेवढाच आधार उरलाय." खरंय तिचं. अजून चार वर्षं काढायचीत.

११ मार्च
कंटाळा आला सगळ्याचा.

१४ मार्च
घोळ! मला दोन दिवस मीटरच्या ट्रेनिंगला पाठवलं, इकडे कंपनीच्या माणसांनी टेकडीचा व्हॉल्व्ह शोधून काढला. उघडायचा म्हणून डावीकडे फिरवला — म्हणजे बंदच केला की! वर थेंब नाही. ताई तिथंच राहते. फोनवर रडकुंडीला आली, "अरे, बादल्या वाहून गुडघे गेले माझे. तू असून असं?"
फार लाज वाटली. सरळ मॅडमसमोर जाऊन सगळं ओकलो. वाटलं, आता घरी बसवतात. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. उद्या दोघं जाऊन उघडू."

१५ मार्च
नऊ फेरे झाले. हाताला लागलं. "बस," म्हणालो. मॅडमनी चावी घेतली. जरा मागे, जरा पुढे, पुन्हा मागे — आतला गंज करकरला नि सुटला. दहा. अकरा. थेट बावीसपर्यंत गेला! दांडा शाबूत. म्हणजे एकवीस वर्षं मी तो अर्धासुद्धा उघडला नव्हता!
"काका, तुम्ही आम्हाला हवेच आहात," मॅडम म्हणाल्या. नोकरी राहिली. जेवण मात्र गेलं नाही.

१६ मार्च
ताईचा फोन. "काय धार आलीय रे नळाला! जन्मात पाहिली नव्हती. मग इतकी वर्षं आम्ही बादल्या वाहिल्या त्या कुणामुळे?"
"माझ्यामुळे," म्हणालो.
ताई हसतच सुटली. तिला थट्टा वाटली!