हौशाचा डावा खांदा

अकोला, भाद्रपद शुद्ध तृतीया, शके १७८६

तीर्थस्वरूप वामनदादांच्या पायांवर धाकट्या नत्थूचा दंडवत. वहिनींचा खोकला, पातुरातलं पाऊसपाणी आणि तुमचा राग, तिन्हींचं कसं काय चाललं आहे ते कळवावं. (राग तीन वर्षांचा झाला, एव्हाना दुडूदुडू चालत असेल.) "बैलांची शिंगं रंगवतो तो चितारी कसला!" असं तुम्हाला तोंडावर बोलून मी खरी कला शोधायला निघालो, तो इथे आहे.

सात समुद्रांपलीकडे कोणी लढतं, तिकडचा कापूस अडतो आणि आमच्या वऱ्हाडात कापसाचं सोनं होतं. त्या सोन्यातलेच हे खुशालराव. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवून झाल्या, घराची भिंत तेवढी उरली, म्हणून मला बोलावलं. मी म्हटलं, इंद्रसभा काढतो. मग सात दिवस मोर्णेच्या काठी प्रेरणेची वाट पाहत पडून राहिलो. प्रेरणा आली नाही, पडसं आलं. आठव्या दिवशी खुशालराव म्हणाले, "भिंत तं कवाचीच वाळली बुवा, तुमी काय पाहून राहिले? इंद्राले आमी वळखत नाही. आमचा हौशा काढा." हौशा म्हणजे त्यांचा बैल. अमरावतीच्या बाजाराला कापूस ओढता ओढता चैत्रात गेला. म्हणजे एवढी वणवण करून पुन्हा बैलच! (तुम्ही हसलात, मला इथे ऐकू आलं.) त्यातून मी हौशाला पाहिलेला नाही, आणि घरात ज्याला विचारावं तो वेगळाच बैल सांगे. शेवटी माझ्या मनाचा काढला, देखणा, अंगावर ओरखडा नाही. पण रंगवताना सारखं वाटे, मेलेल्या बैलाला चित्राचा काय उपयोग, आणि जित्या माणसांना तरी काय? हे काम संपवून कुंचले मोर्णेत सोडायचे, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात ना, त्या दिवशी खुशालरावांच्या कारभारीण दुर्गाबाई गोठ्यातल्या बैलांना हळद-लोणी चोळून तशाच भिंतीपाशी आल्या, आणि तो बरबटलेला हात थेट माझ्या हौशाच्या डाव्या खांद्यावर! रंग ओला. मी किंचाळलो. त्या आपल्या चोळतच राहिल्या. म्हणाल्या, "वरडू नका. इथं जुवाचा घट्टा होता त्याले. तुमी काढला नाही, पन दुखत तं असंनच." मग गोठ्यातल्या बैलांना दिलं तेच आवतण भिंतीवरच्या कानाशी तोंड नेऊन, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दादा, खांद्याचा पार चिखल झाला, आणि मी तिथेच बसून रडलो. काय डोळा त्या बाईचा! आणि काय हात! खुशालराव म्हणाले, डाग पुसा. मी पुसला नाही. कुंचलेही अजून माझ्याजवळच आहेत.

आपला,
नत्थू

ता. क. पोळ्याला नव्या बैलाची शिंगं मी हौसेने रंगवायला घेतली. त्याने मान झटकली. तोरणाखाली माझंच तोंड हिंगुळाने सगळ्यांत लालभडक होतं. तुमच्या हातून असं कधी झालं नाही.

ता. क. आणखी एक. रंगवण्याआधी तुम्ही बैलाच्या कानात काहीतरी बोलायचा आणि मी दात काढायचो. काय बोलायचा, ते मला शिकवा. नुसतं आवतण धाडा, जेवायला येतो.