जड काठी, हलके मासे

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाच अंगं दुखतायत, त्यामुळे उरलेल्या तीन अंगांनीच.) तुझा रक्तदाब आणि वहिनींचा माझ्यावरचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आपण चार वर्षांनी बोलतोय, म्हणजे मीच बोलतोय. बाबांच्या वस्तू वाटल्या तेव्हा त्यांची तळ्यावर मासे धरायची बारीक, लवलवती काठी तू ठेवून घेतलीस आणि दिवाणखान्यात टांगलीस. (जन्मात एक मासा धरला नाहीस, ताटातलासुद्धा काट्याच्या भीतीनं सोडतोस.) मला दिलीस ती समुद्रावरची जाडजूड काठी आणि खऱ्या माशांना फसवायला बाबांनी कोरलेले सहा लाकडी मासे, करंगळीएवढे. तू म्हणालास, बाबांनीच तसं सांगितलंय. मी तुला चारचौघांत खोटारडा म्हटलं. ते मी अजून मागे घेतलेलं नाही.

तुला कळणार नाही, तरी सांगतो. फेकताना लाकडी माशाच्या वजनानं काठी वाकली पाहिजे, तरच ती सरळ होताना त्याला लांब भिरकावते. या जाडीला टोकाला काही बांधलंय याचा पत्ताच नसतो. सगळा जोर लावला तरी मासा माझ्याच बुटांपाशी पडतो आणि बाकावरचे पेन्शनर टाळ्या वाजवतात.

मी पडलो घड्याळजी. म्हटलं, एवढंसं काम आपल्या हातचा मळ. पहिल्या माशाच्या पोटात भोक पाडून शिसं भरलं. गेला लांब, पण दगडासारखा तळाशी जाऊन रुतला. दुसऱ्याच्या पुढे हातभर अंतरावर शिशाची गोळी बांधली. हवेत दोघांची अशी जुंपली की दोरीचा गुंता होऊन ती तुटली. तिसऱ्याला दोरीच बारीक लावली, तर तो तिला सोडून एकटा गेला. चौथ्याला पाणी भरलेला प्लॅस्टिकचा तरंगता गोळा जोडला. हे मात्र जमलं, इतकं जमलं की मासा तळं ओलांडून पलीकडच्या झाडावर बसला आणि अजून तिथेच आहे. पाचवा कसा गेला ते लिहीत नाही. तो बाबांनी आजारपणात कोरलेला, एक डोळा वर, एक खाली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

बायको म्हणाली, “भाऊजींना दोन ओळी लिहिल्या असत्या तर पाच मासे वाचले असते.” पण पडलो तरी नाक वर, हा आपल्या घराण्याचा गुण. तेव्हा माझा राग कायम आहे, हे कळावे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र वहिनींना वाचून दाखवू नकोस.

आणखी एक ता. क. माशांच्या डब्याच्या तळाशी बाबांची चिठ्ठी होती. ‘तळ्यावरची काठी थोरल्याला, मासे धाकट्याला. दोघं मिळून जा.’ ती मला वाटणीच्या दिवशीच संध्याकाळी सापडली होती.

शेवटचा ता. क. सहावा मासा अजून आहे. रविवारी सकाळी काठी घेऊन तळ्यावर ये. माझ्याशी बोललं पाहिजेस असं नाही. मासे धरताना तसंही कुणी बोलत नाही.