दिवाळीले तिकडंच जा

प्रेरणा,
जेवण झालं असंल तुहं.

काल फोनवर तू विचारलं, "आजी, दिवाळीले मैत्रिणीच्या गावी जाऊ का?" मी लगेच म्हटलं, "जा नं व, मले काऊन विचारून राह्यली?" फोन ठेवला अन् लाडवासाठी काढलेलं बेसन परत डब्यात ओतलं.

घरात आपण दोघीच. माह्याशिवाय तू कोणाशी बोलत नव्हती. म्हणून बारावीत तुले आपल्या पिंपळगावातल्या प्रत्येक लग्नात अनोळखी बायांच्या पंगतीत बसवलं. "बाजूचीचं गाव अन् दुखणं विचारल्याबिगर उठायचं नाही!" तू रडकुंडीले येई. "तू आजी हायेस का फौजदार?" म्हणे. पण कॉलेजात तुह्या ताटाशेजारी मी थोडीच येणार होती? मुक्यानं जेवणारी पोर आठवड्यात बॅग उचलून घरी येते.

आता मेसमध्ये भेटलेल्या मैत्रिणीच्या आईचे गुडघे दुखतात, हेही तुले माहीत. बराबर शिकली तू. मीच शिकली नाही. परवा शेजारच्या तानाबाईकडं बारशाले गेली. बाजूची बाई बोलायले लागली, तर "दाढ दुखून राह्यली" म्हटलं अन् अर्ध्या ताटावरून उठली.

हे फोनवर सांगतलं असतं, तर तू पहिल्या गाडीनं नांदुरा स्टेशनावर उतरून घरी आली असती. मले तेच पाह्यजे होतं, म्हणून हे पत्र बी पेटीत टाकत नाही. मैत्रिणीच्या घरी पाहुणी होऊन बसू नको, कामाले हात लाव. अन् दिवाळीच्या दिवशी फोन केला, तर आठवण येते म्हणू नको. मी बी म्हणणार नाही.

तुही आजी,
शालूबाई