हात वर करा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मनातल्या मनात तुझ्याशी बोलताना माझा आवाज चढतोच.

तू स्टुडिओच्या कपडेपटात शिवायला बसायचीस. शाळा सुटली की मी तिथंच, तुझ्या मशीनखालच्या चिंध्यांत. काजं, चुण्या, अस्तर, सगळं तुझ्याकडूनच शिकले. एके दिवशी नायिकेचं लुगडं नेसून आरशासमोर उभी राहिले, तर तू मारलं नाहीस. सगळ्या बायकांसमोर एवढंच म्हणालीस, "ह्यो माझा न्हाय." त्याच आठवड्यात मी यल्लम्माच्या जोगत्यांकडं गेले. त्याही माझ्यासारख्याच, मुलगा म्हणून जन्मलेल्या, घरानं टाकलेल्या. गुरूबाईंनी हातात देवीची परडी दिली, लुगडं नेसवलं आणि मला पोरी म्हणून हाक मारली.

पुढं जत्रेच्या प्रसंगासाठी सिनेमावाल्यांनी आम्हालाच बोलावलं. चोळ्यांची मापं घ्यायला तू येतेस. टेप माझ्या छातीभोवती फिरतो. तू वर बघत नाहीस. "हात वर करा," म्हणतेस. करा. वाटेवरच्या पावण्याला म्हणावं तसं. मी हात वर करते.

आम्ही चौंडक्यावर देवीचं गाणं मनापासून म्हटलं. थेटरात पाहिलं तर प्रत्येक ओळीनंतर विनोदी नट डोळा मारत होता आणि लोक पोट धरून हसत होते. गुरूबाई मध्येच उठल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "आपलं सोंग दुसऱ्यानं कशाला काढायचं? आपली गोष्ट आपुनच दावू की."

त्या उन्हाळ्यात आम्ही गुरूबाईंच्या अंगणात आमचं नाटक उभं केलं. पडद्यापासून चोळ्यांपर्यंत सगळं मी शिवलं. पहिल्या खेळाला दगड आले, पण आम्ही खेळ थांबवला नाही. हळूहळू आमचं नाव ऐकून पार चंदगडाकडच्या, घरातून हाकललेल्या पोरी आमच्याकडं येऊन राहू लागल्या. तुलाही खेळ बघायला ये म्हणून निरोप धाडला होता. "मला सवड न्हाय," म्हणालीस. वर्षभरात तू गेलीस. भावानं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तुला शेवटचं कुठल्या रंगाचं लुगडं नेसवलं, तेही मला ठाऊक नाही.

हे लिहिलेलं मी कुणाला वाचून दाखवणार नाही. पोरी विचारतात, इतकं सुबक शिवायला कुणी शिकवलं? आईनं, म्हणते. मग ती कुठं हाय? मी लहान असतानाच वारली, असं सांगते. खरं सांगितलं तर त्या तुला शिव्या घालतील, आणि ते मला सोसायचं नाही.