टाकी घासली त्या दिवसाची हकिगत

ती. दादा यांस,

मधल्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकलो, उरलेला मानून घ्यावा). तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला कसा आहे? इकडे आपली धाकटी, मी आणि तिच्या अकरा गायी खुशाल.

मध्यंतरी तसं नव्हतं. व्यायल्यावर गायी खंगायच्या, दूध आटायचं. म्हणून धाकटीने गोठ्यामागच्या सिमेंटच्या टाकीत सूक्ष्म शेवाळ वाढवायला घेतलं. एकेक कण डोळ्यांना दिसू नये इतका बारीक, पण प्रथिनांनी गच्च. गाळायचं, वाळवायचं आणि पेंडीत थोडं मिसळायचं. हे तिने मला सांगितलं होतं म्हणे. मी (नवाच मदतीला आलेला, त्यामुळे उत्साही) फक्त घाण हिरवं पाणी बघितलं. ती बाजारात गेल्यावर बूच काढलं, खराट्याने टाकी लख्ख घासली आणि ऐटीत काठावर बसलो.

ती आली. टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन महिन्यांची मेहनत गटारात गेली होती. दादा, तिच्या जागी मी असतो तर मला त्याच टाकीत बुडवलं असतं (पाणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी). ती एवढंच म्हणाली, "घासलीस मात्र छान." आणि खिडकीतली काचेची बरणी घेऊन आली. विरजण ठेवावं तसं थोडं शेवाळ तिने बाजूला काढून ठेवलं होतं! आधी बादली, मग पिंप, मग टाकी. महिनाभरात पुन्हा सगळं हिरवंगार.

आता त्या हिरव्या पेंडीपुढे गायींनी तोंडं फिरवली. तिने वर उसाची गोड मळी शिंपडली, शेवाळ रोज कणाकणाने वाढवत नेलं, एकदाही चिडली नाही. सगळ्यात खंगलेली तांबडी, जिला विकायचं ठरत आलं होतं, तिने एके सकाळी घमेलं चाटूनपुसून साफ केलं. आज तिच्या अंगावर तकाकी आहे आणि डेअरीवाला तिच्या दुधाचं फॅट दोनदा तपासतो. आधी या शेवाळाला हसणारे जनावरांचे डॉक्टर परवा वही घेऊन आले आणि "ताई, प्रमाण किती?" विचारू लागले. मी उगाचच शेजारी ताठ उभा होतो.

आपला,
मधला

ता. क. : खरं काम राहिलंच. टाकी दिवसातून चारदा ढवळावी लागते आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. तुम्ही निवृत्त. महिनाभर येता का?

आणखी ता. क. : धाकटीने वरचं वाचलं. म्हणाली, "खोटं कशाला लिहितोस?" खरं हे, की ढवळायचं काम मी कुणालाच देणार नाही, तुम्हालासुद्धा नाही. पण चार वर्षांत तुम्ही आला नाहीत. तिला कुणीतरी मोठ्याने शाब्बास म्हणायला हवं. मी म्हटलं की तिला चेष्टा वाटते.