भिंतीला ओल नाही

अहिल्यानगर,
९ फेब्रुवारी २०२६

आदरणीय पुष्पावतीकाकू,

जरीनाचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही घ्या. इकडे सगळं ठीक. लग्नसराई आहे, ब्लाऊजचा ढीग उपसतेय. तुमचे गुडघे कसे आहेत? फोनच केला असता, पण तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून अंगदभाऊ स्पीकर लावतात, आणि हे काही मुलासुनेसमोर बोलण्यासारखं नाही.

तुमचा हा फ्लॅट दीड वर्ष विकला जात नाही म्हणून तुम्ही एजंटावर चिडलाय ना? बिचाऱ्या गोरक्षनाथला बोलू नका. त्यानं अकरा गिऱ्हाइकं आणली. अकराच्या अकरा मी पळवून लावली.

हो, मीच. "पाणी? आलं तर आलं!" "तिसरा मजला, लिफ्ट नाही, घरात म्हातारं माणूस असेल तर विचार करा बाई." एवढ्यानं भागलं नाही तर अस्तर होतंच. ब्लाऊजचं अस्तर शिवायच्या आधी भिजवावं लागतं. ते ओलं अस्तर मी आदल्या दिवशी बेडरूमच्या भिंतीला चिकटवायचे आणि माणसं यायच्या आधी काढायचे. भिंतीवर हा एवढा डाग! डाग बघितला की मंडळी जिना उतरायची. तुमची भिंत खडखडीत कोरडी आहे काकू, शप्पथ.

कापड बाजार इथून पाच मिनिटांवर. बायका कापड घेतात आणि तशाच माझ्याकडे माप द्यायला येतात. लांब सावेडीला गेले तर कोण येणार? इकडेच दुसरं घर बघितलं की मी. भाडं अकरा-बारा हजार सांगतात, तुम्ही साडेसात घेता. बारासुद्धा दिले असते. पण माझं नाव ऐकलं की घर नेमकं कालच गेलेलं असतं. तुम्ही नऊ वर्षांपूर्वी फक्त "दुपारी मशीनचा आवाज नको" म्हणाला होतात.

अकरा जणांच्या घासाघिशी ऐकून मला या भागातले रेट पाठ झालेत. आता गोरक्षनाथच मला विचारतो. तुम्ही अडतीस लाख मागत होता ते बरोबरच होतं. बिल्डिंग जुनी असली तरी बाजार जवळ, दोन बेडरूम, घरात ऊन. माझ्या करामतींमुळे गिऱ्हाइकं एकतीसच्या वर जाईनात. आणि मला बँकेनं कर्ज मंजूर केलंय. साठवलेले धरून चौतीस होतात. एकतीसला आरामात घेतला असता, मनात तसंच होतं, खोटं कशाला बोलू? पैसे अंगदभाऊंना गाडीबिडीसाठी हवेत असं मी धरून चालले होते, म्हणून काही टोचत नव्हतं.

मागच्या आठवड्यात गोरक्षनाथ चहा पिता पिता बोलून गेला, की काकूंना सुनेच्या घरात राहायचं नाही, नाशिकलाच स्वतःच्या नावावर एक खोली घ्यायचीय. त्या दिवशी माझ्याकडून एक बाही धड लागली नाही. माझं घर टिकावं म्हणून मी तुमचं घर अडवून बसले होते. लई लाज वाटली.

परवा राहुरीच्या पंकजा मॅडम फ्लॅट बघायला आल्या, विद्यापीठात नोकरीला आहेत. त्यांचा हात धरून मीच भिंतीवर फिरवला. म्हटलं, पाणी दिवसाआड येतं, पण टाकी मोठी आहे, कधी कमी पडलं नाही. सकाळी ऊन कुठवर येतं तेही दाखवलं. बाई खूश. गोरक्षनाथ माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "भाभी, आज तब्येत बरी हाय ना?"

मॅडम पुढच्या आठवड्यात तुम्हाला फोन करतील. सदतीस म्हणतील. तुम्ही चाळीस सांगा आणि अडतीसच्या खाली उतरू नका. त्यांना घर आवडलंय, त्या देतील. माझ्याकडे चौतीस आहेत, वर एक रुपया नाही. माझी कीव करून मला देऊ नका, तेवढ्यात नाशिकला तुमची खोली व्हायची नाही. पण घर मला हवं होतं काकू. फार हवं होतं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

व्यवहार ठरला की महिनाभर मुदत द्या, आणि जमलं तर माफ करा.

अजून तरी तुमचीच भाडेकरू,
जरीना