सात कुप्या आणि एक बरणी

श्री. गोपाळराव भाऊजी यांस,

मी मनोहर दामोदर उमाठे, वाणिज्य शाखेचा पदवीधर, येथील एका संशोधन संस्थेच्या भांडार विभागाचा अधीक्षक आणि आपला धाकटा मेहुणा, चि. रितिकाच्या कामासाठी आपल्या बागेतील संत्र्यांच्या साली मागण्याच्या हेतूने हे पत्र लिहीत आहे. (फोनवर मला मुद्देसूद बोलता येत नाही, आणि आपण मध्येच हवामानावर येता.) आपला गुडघा आता काय म्हणतो? डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्रयागताईला माझे अक्षर पुन्हा वाचता येऊ लागले असेल, तर आनंदच आहे; मात्र हे पत्र तिने आपल्यानंतर वाचावे. रितिका आमच्या घरी सुखरूप असून वेळेवर जेवते.

आपली कन्या आमच्या संस्थेत नेमके काय करते, हे आपण दर दिवाळीला विचारता आणि ती “बाबा, कोळसा करून राहिली” असे म्हणून चिवड्याकडे वळते. मी तिच्याकडून रीतसर समजून घेतले आहे. हायड्रोजनपासून धूर न करता वीज मिळवायची, तर ती क्रिया घडवून आणणारा एक धातू मध्यस्थ म्हणून लागतो. आजवर तो प्लॅटिनम. परंतु धातूचा कण कितीही बारीक घेतला तरी काम पृष्ठभागावरचे अणूच करतात, आतले नुसते हजर असतात. (आमच्या आस्थापना विभागाची रचना अशीच आहे.) रितिकाचे म्हणणे असे, की कण करायचाच नाही. साधे लोखंड घ्यायचे आणि त्याचा एकेक अणू सुटा करून, संत्र्याच्या सालीच्या कोळशावर, नायट्रोजनच्या अणूंच्या पकडीत बसवायचा. म्हणजे प्रत्येकाला काम करावेच लागते. भट्टी जरा जास्त तापली, की हेच अणू आपापली जागा सोडून घोळका करतात आणि सारे फुकट जाते. म्हणून लोखंडाचे प्रमाण व भट्टीचे तापमान बदलत तिने आठ महिन्यांत सात निरनिराळे नमुने केले होते.

गेल्या मंगळवारी आमची वार्षिक साठा-पडताळणी होती आणि रितिका विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतील एका चर्चासत्राला गेली होती. तिच्या कपाटात सात कुप्या आढळल्या. रंग काळा, सर्वांवर ‘लोह-कार्बन’ हेच वर्णन, पुढे एक ते सात आकडे. एकाच मालाचे सात भाग, असा कोणाही शिस्तप्रिय माणसाचा समज होईल. एका मालाला एक डबा, हा भांडाराचा नियम आहे. त्यानुसार सर्व कुप्यांतील भुकटी एका स्वच्छ बरणीत एकत्र करण्यात आली, आणि माल वरखाली सारखा असावा म्हणून बरणी दहा मिनिटे हलवण्यातही आली. (हलवली नसती तर वरचा थर तरी वाचला असता, असे नंतर कळले.) रिकाम्या कुप्या धुऊन, पुसून, उपड्या ठेवण्यात आल्या.

संध्याकाळी रितिका आली, बरणी पाहिली आणि स्टुलावर बसली. “धोंडबा काका, हे कोणं केलं?” धोंडबा हे आमचे शिपाई, माझ्यासोबत सव्वीस वर्षे आहेत. ते आधी माझ्याकडे आणि मग फरशीकडे पाहून म्हणाले, “माह्या हातानं झालं, ताई. सारं काळंच दिसून राहिलं होतं.” ती रागावली नाही. त्यांना तिने चहा पाजला, स्वतः मात्र घेतला नाही. घरी येताना म्हणाली, “मामाजी, तुम्ही तिथं असते तर असं झालं नसतं.” मी चष्मा पुसत होतो.

इंदूरच्या क्ष-किरण यंत्रावर अणू सुटे बसले आहेत की घोळक्यात, हे दिसते. तेथे तिला या महिन्याची एकोणतीस तारीख मिळाली आहे. ती चुकली तर पुढची पाळी सहा महिन्यांनी, आणि तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. नमुने दहा दिवसांत पुन्हा होऊ शकतात, कारण कृती आता ठरलेली आहे. परंतु साल त्याच झाडांची हवी. माती बदलली की सालीतले क्षार बदलतात आणि कोळसाही. विहिरीच्या उत्तरेची तीन झाडे, असे तिच्या वहीत आहे. (वही मी पाहिली, परवानगी नंतर घेईन.) तरी त्या झाडांची चार किलो ओली साल काटोलहून सकाळच्या बसने पाठवावी. सुकवण्याची सोय येथे आहे. सौ. कामिनीचा नमस्कार.

आपला,
मनोहर

ता. क. सालींवर मीठ-मसाला नसावा. मागील खेपेस काळे मीठ आढळले होते. फळे कोणी व कशी खावीत हा आपला घरगुती प्रश्न आहे. फक्त सोलल्यानंतर खावीत.

पुन्हा ता. क. कुप्या एकत्र कोणी केल्या, हे वर लिहायचे राहिले. मी केल्या. बरणीही मीच हलवली. धोंडबा दारातून म्हणत होते, “साहेब, पोरीले विचारून घ्या ना जी.” मी म्हणालो, नियमात विचारण्याची तरतूद नाही. आज त्यांना विचारले, तुम्ही हे अंगावर का घेतले? म्हणाले, “मी चुकलो तं पोरगी चार दिवसांत विसरन. तुम्ही चुकले तं घरी तिच्यासंगं जेवाले कसे बसान?” सहा दिवस मी जेवायला बसतो आहे, आणि ती मला आग्रहाने वाढते आहे.

शेवटचे ता. क. साली बसने पाठवू नयेत. शुक्रवारी संध्याकाळी आपण स्वतः घेऊन यावे. त्या दिवशी धोंडबांनाही जेवायला बोलावले आहे, आणि पाने वाढण्यापूर्वी मी रितिकाला सारे सांगणार आहे. मी तोंड उघडले की ते मध्येच “माह्या हातानं झालं” म्हणणार. तेवढे आपण त्यांना धरून ठेवावे. माझ्याने ते होणार नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी माझे ऐकलेले नाही.

मनोहर दामोदर उमाठे
नागपूर
१० नोव्हेंबर २०२५